नॉर्टनचे नाव, नंजनगूडचा रस्ता

म्हैसूरहून उटीला निघालेल्या मराठी सहलीचा पहिला थांबा बहुधा नंजनगूड असतो. अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. श्रीकंठेश्वराचे दर्शन घ्यावे, कपिलेच्या पाण्यात पाय बुडवावेत, मिळाली तर इथली प्रसिद्ध ‘रसबाळे’ केळी घ्यावीत आणि पुढे निघावे. नंजनगूड येण्याआधी वाटेत कडकोळ्याजवळ टीव्हीएस कंपनीचा दुचाकींचा कारखाना लागतो. तिकडे कुणी फारसे वळून पाहत नाही. स्कूटर-मोटारसायकलींचा कारखाना, त्यात काय पाहायचे!

पण तुमच्या घरात एखादा मोटारसायकलवेडा मुलगा, भाचा किंवा धाकटा दीर असेल तर त्याला विचारून पाहा. तो सांगेल की याच कंपनीने एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडची ‘नॉर्टन’ विकत घेतली. किंमत १ कोटी ६० लाख पौंड. नॉर्टनच्या गाड्या कडकोळ्याला बनत नाहीत. त्यांचा नवा कारखाना इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सोलिहलला आहे. तरीही ज्या नावासमोर जुने शौकीन आजही हात जोडतात, त्या नावाची मालकी आता दक्षिण भारतात आहे, हे सांगताना त्या पोराचे डोळे चमकतील.

ही चमक कशाची, हे आपणही समजून घ्यायला हवे. आणि त्या चमकेला किती भुलावे, हेही.

जेम्स नॉर्टन यांनी १८९८ मध्ये बर्मिंगहॅमला हा व्यवसाय सुरू केला. १९०७ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर ‘टुरिस्ट ट्रॉफी’ ही शर्यत प्रथम झाली, तेव्हा दोन सिलिंडरच्या गटात नॉर्टनवर बसलेला रेम फाउलर जिंकला. पुढे या शर्यतीचा जो मार्ग ठरला तो सुमारे साठ किलोमीटरचा. खास बांधलेला नव्हे, रोजच्या वापराचाच रस्ता. खेड्यांतून, दगडी कुंपणांमधून, डोंगर चढून उतरणारा. आपल्या घाटातल्या रस्त्यावर शर्यत लावावी, तसेच ते. इथे जिंकणारी गाडी नुसती वेगवान असून भागत नाही. ती वळणावर रस्ता सोडता कामा नये.

१९५० साली बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी रचलेला नवा सांगाडा नॉर्टनने वापरायला घेतला. तोवर अनेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला जवळपास जखडलेले असे. खड्डा आला की चाक उडे आणि स्वाराच्या पाठीचे हाल होत. नव्या रचनेत नळ्यांचे दोन बंद वेढे होते आणि मागचे चाक खालीवर झुलणाऱ्या दांड्यांवर, दोन शॉक अॅब्सॉर्बरच्या आधाराने बसवलेले होते. दोन्ही चाके रस्त्याला चिकटून राहू लागली. बसणाऱ्याला पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटे, म्हणून सांगाड्याचे नावच ‘फेदरबेड’ पडले. इंजिन मात्र जुन्या धाटणीचे, एका सिलिंडरचे. तरीही ज्योफ ड्यूक या स्वाराने १९५१ मध्ये ३५० आणि ५०० सीसी अशी दोन्ही जगज्जेतेपदे नॉर्टनवर पटकावली. समोर इटलीच्या चार सिलिंडरच्या गिलेरा होत्या!

कौतुक करायचे ते याचे. ताकद कमी असली तर सांगाडा सुधारायचा, गाडीचा तोल सुधारायचा. आपल्याकडच्या संसारात जुन्याच भांड्यांत नवा पदार्थ साधणाऱ्या गृहिणीला हे सांगायला नको.

रस्त्यावर ही कथा, तर चिखलात आणखी गमतीची. इंग्लंडात ‘ट्रायल’ नावाचा खेळ आहे. त्यात घाई नसते. ओढे, निसरडे दगड, उभी चढण यांवरून पाय जमिनीला न टेकता गाडी न्यायची. पाय टेकला की गुण गेले. त्याचा दांडगा भाऊ म्हणजे ‘स्क्रँबल’, आजच्या भाषेत मोटोक्रॉस, शेतातली आणि टेकड्यांवरची धुमश्चक्री. आपल्या गावचे पाटील, फौजदार आणि लष्करी जवान ज्या ‘बुलेट’वर रुबाबात फिरत, ती याच चिखलातून वर आलेली. १९४८ मध्ये इटलीत सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. ब्रिटनच्या विजयी चमूत रॉयल एनफील्डच्या नव्या बुलेट होत्या आणि त्यांवरच्या दोघा स्वारांना सुवर्णपदके मिळाली.

‘ग्रीव्हज’ या गाडीची गोष्ट तर घराघरांत सांगावी अशी. बर्ट ग्रीव्हज यांचे चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब अपंग होते. त्यांच्या चाकाच्या खुर्चीला ग्रीव्हजनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले. त्यातून दोघांनी अपंगांसाठी तीनचाकी गाड्यांचा कारखाना काढला आणि त्याच कारखान्यातून १९५३ पासून मोटारसायकली निघू लागल्या. डेव्ह बिकर्सने त्यांवर १९६० आणि १९६१ मध्ये २५० सीसी मोटोक्रॉसचे युरोपीय विजेतेपद मिळवले. भावाच्या मायेपोटी बसवलेले इंजिन कुठल्या कुठे पोचले!

बीएसएची ‘गोल्ड स्टार’ ही अशीच दोन्हीकडे तरबेज. १९३७ मध्ये ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर वॉल हँडलीने बीएसएवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. असे करणाऱ्याला तिथे सोन्याच्या ताऱ्याचे बिल्ले देत. त्या बिल्ल्यावरून गाडीचे नाव ठेवले गेले. नाव आधी कमावले आणि मग टाकीवर लिहिले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण पुढे तो उलटा झाला.

ज्योफ ड्यूक १९५३ मध्ये नॉर्टन सोडून गिलेराकडे गेला आणि ओळीने तीन वर्षे ५०० सीसीचा जगज्जेता झाला. चार सिलिंडरचे इंजिन नॉर्टनने काही शर्यतीत उतरवले नाही. सहा दिवसांच्या चाचणीतली सांघिक ट्रॉफी ब्रिटनने शेवटची जिंकली तीही १९५३ मध्येच. मग चेकोस्लोव्हाकियाच्या हलक्या टू-स्ट्रोक जावा आणि सीझेड पुढे सरसावल्या. मोटोक्रॉसमध्ये बीएसएच्या जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ मध्ये ५०० सीसीचे जगज्जेतेपद राखले, पण पुढची तीन वर्षे ते सीझेडवरच्या पॉल फ्रीड्रिक्सकडे गेले. १९६९ मध्ये होंडाने चार सिलिंडरची, बटण दाबून सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली ७५० सीसीची गाडी बाजारात आणली. इंग्रजी गाड्या अजून तेल गाळत होत्या. “आमचे नाव मोठे आहे, गिऱ्हाईक येईलच,” ही समजूत त्या कारखान्यांना महागात पडली. सत्तरच्या दशकात एकेक दार बंद होत गेले.

इथे म्हैसूरचा एक धागा येतो. ज्या जावाने इंग्रजांना चिखलात मागे टाकले, तीच जावा १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे तिचे नाव ‘येझदी’ झाले. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी नंजनगूडच्या रस्त्यावर एखादी येझदी अजूनही ‘डुग डुग’ करीत जाते. आणि बुलेट? १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. इंग्लंडातली मूळ कंपनी १९७० मध्ये संपली, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. १९७७ मध्ये तर ती उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. मुलगी दिल्या घरी नांदली आणि माहेरचाच उंबरा मोडला, अशातली गत.

आता त्या पोराच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे परत येऊ. नॉर्टनचे नाव इतके मोठे होते की कारखाना थंडावला तरी नावाला गिऱ्हाईक होते. २००८ नंतर इंग्लंडात ते पुन्हा उभे राहिले. सुंदर गाड्या, चकचकीत टाक्या, वर्तमानपत्रांत कौतुक. पण जानेवारी २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा झाकलेले उघडे पडले. दोनशेहून अधिक सामान्य माणसांची निवृत्तिवेतनाची पुंजी त्या कंपनीच्या शेअर्समध्ये कायदा मोडून गुंतवण्यात आली होती. म्हातारपणाच्या या पैशांसाठी लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. तेव्हाच्या मालकांनी २०२२ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. आठ महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित.

नावावर जीव जडला की माणूस हिशेब विचारायला संकोचतो. ही गोष्ट फक्त इंग्लंडची नाही. आपल्याकडेही पतपेढीचे नाव जुने, संचालक प्रतिष्ठित, म्हणून आयुष्याची कमाई ठेवणारी घरे आपण पाहिली आहेत. यंत्राचा शौकीन असो की ठेवीदार, त्याने टाकीवरचे अक्षर पाहून थांबू नये. झाकण उघडून आत पाहावे.

आणखी एक बाजू आईबापांनी जाणून घ्यावी. आयल ऑफ मॅनच्या त्या रस्त्यावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मृत्युमुखी पडले आहेत. कसलेले, सरावलेले स्वार. १९७६ नंतर ती शर्यत जागतिक स्पर्धेतून वगळली गेली, त्यामागे हा धोकाच होता. मुलाने भिंतीवर ड्यूकचे चित्र लावावे, खुशाल लावावे. पण उटीचा घाट म्हणजे शर्यतीचा मार्ग नव्हे आणि हेल्मेट हे पोलिसांसाठी घालायचे नसते, हे त्याच चित्राखाली त्याला सांगायला हवे.

आज ही सगळी नावे आपल्या अंगणात आली आहेत. ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. त्यांतल्या एकीचे नावही ‘स्क्रँबलर’ आहे. बीएसए २०१६ मध्ये महिंद्रा समूहाकडे आली आणि २०२१ मध्ये ‘गोल्ड स्टार’ पुन्हा जन्मली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण नाव विकत मिळते, त्यामागची मेहनत मिळत नाही. ती चाकणच्या पाळीला जाणाऱ्या मुलामुलींना, कडकोळ्याच्या फाटकातून सकाळी आत शिरणाऱ्या कामगारांना रोज नव्याने करावी लागणार आहे.

तेव्हा पुढच्या वेळी नंजनगूडला जाताना कडकोळ्यापाशी गाडीची काच जरा खाली करा आणि मुलांना हा कारखाना दाखवा. नॉर्टनची गोष्ट सांगा. फेदरबेडची सांगा, ग्रीव्हज भावंडांची सांगा, आणि त्या दोनशे घरांचीही सांगायला विसरू नका.