सौर कृषिवाहिनी आणि इन्व्हर्टरचे स्थैर्य

शेतीला दिवसा वीज मिळावी, ही ओलीत करणाऱ्या शेतकऱ्यांची फार जुनी मागणी होय. रात्रीच्या पाळीत, काळोखात व विंचूकाट्यात पिकास पाणी देणे किती जिकिरीचे असते, हे त्यांस निराळे सांगावयास नको. या मागणीच्या पूर्तीसाठी महाराष्ट्र शासनाने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि 2023 साली तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषिवाहिन्यांस द्यावी, अशी ही योजना आहे. तिचे यश प्रायः किती मेगावॅट क्षमता उभी राहिली यावरून मोजले जाते. हे मोजमाप अपुरे आहे. उभी राहिलेली क्षमता भर दुपारी वाहिनीवर टिकून राहते की नाही, हाच खरा प्रश्न असून त्याचे उत्तर बव्हंशी इन्व्हर्टरच्या स्थैर्यावर अवलंबून आहे.

सौर पॅनेलमधून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. वाहिनीवरील प्रवाह मात्र सेकंदाला 50 वेळा आवर्तन पुरे करतो. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. नागपूरजवळील कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांत वजनदार यंत्रे सतत फिरत असतात. वाहिनीवर धक्का बसला तरी त्यांची गती एकाएकी बदलत नाही. इन्व्हर्टरमध्ये असे फिरणारे वजन नसते. सामान्य इन्व्हर्टर वाहिनीवरील दाबाची लाट क्षणोक्षणी मोजतो आणि तिच्याशी पाऊल जुळवून आपला प्रवाह सोडतो. वाहिनी भक्कम असेल तर हे जुळते. परंतु लांब अंतरावरून येणाऱ्या बारीक तारांवर त्याने सोडलेल्या प्रवाहानेच दाब हलतो, व जो दाब मोजून चालावयाचे तोच अस्थिर होतो. मग इन्व्हर्टर डोलू लागतो आणि अखेर सुटतो.

काटोल व नरखेड या संत्रा पिकविणाऱ्या भागाकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण दिला जातो. त्या दिवसांत बागांचे पाणी बंद असते, आकाश मात्र निरभ्र असते. अशा वेळी जागच्या जागी न खपलेली वीज उलट वर वाहते व दाब चढतो. पुढे ताण तोडण्याची वेळ आली की शेकडो मोटारी एकदम सुरू होतात व दाब उतरतो. एकाच उपकेंद्राने ही दोन्ही टोके सोसावयाची असतात.

या बाबतीत परदेशांतील अनुभव बोलका आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात 28 सप्टेंबर 2016 रोजी वादळाने मनोरे कोसळले. दाब वारंवार खाली गेल्यावर अनेक पवनचक्क्यांनी आपली वीज कमी केली, कारण त्यांच्या नियंत्रकांत तशी मर्यादा आधीच घातलेली होती. ती मर्यादा वीजजाळे चालविणाऱ्यांस ठाऊकच नव्हती. सारे राज्य अंधारात गेले. स्पेन व पोर्तुगाल येथे 28 एप्रिल 2025 रोजी दाब चढत गेला आणि एकामागून एक निर्मितीकेंद्रे सुटून दोन्ही देशांचा वीजपुरवठा कोलमडला.

इन्व्हर्टरची कर्तव्ये दोन असून ती परस्परविरोधी भासतात. दाब क्षणभर खाली-वर झाला तर त्याने टिकून राहावे. आणि वाहिनी खरोखरच बंद झाली तर त्याने तात्काळ अलग व्हावे, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. या दोहोंमधील सीमा नियंत्रकातील आकड्यांनी ठरते. म्हणून कारखान्यातून आलेले आकडे तसेच ठेवून प्रकल्प सुरू करणे योग्य नव्हे. त्या त्या उपकेंद्राची तपासणी करूनच ते ठरवावेत, त्यांची नोंद उपकेंद्रात ठेवावी, आणि दाब सांभाळण्याची जी शक्ती इन्व्हर्टरमध्ये असते ती वापरात आणावी. दुपारी वाया जाणाऱ्या विजेच्या मानाने हा खर्च अल्पच ठरेल. वाहिनीशी न जोडलेल्या स्वतंत्र सौर पंपांस मात्र हे विवेचन लागू नाही.

तथापि सारा भार अभियंत्यांवर टाकून चालणार नाही. मोटारींना लावलेले ऑटोस्विच वीज येताच सर्व पंप एकदम सुरू करतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्यामुळे दाब कोसळतो, मोटारी जळतात व इन्व्हर्टरही सुटतो. म्हणून शेतकरी बंधूंनी ऑटोस्विच काढून टाकावेत व पाळीपाळीने पंप सुरू करावेत. मोटारीस योग्य मापाचा कपॅसिटर बसवावा, आणि तो मोटारीबरोबरच बंद होईल अशी जोडणी करून घ्यावी. आकडे टाकून वीज घेणे सर्वथा टाळावे.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी गावात एक साधी वही ठेवावी. वीज कोणत्या दिवशी, किती वाजता गेली, आकाश कसे होते, पंप चालू होते की बंद, एवढेच तीत टिपावे. अशी एका हंगामाची नोंद उपकेंद्राच्या अभियंत्यापुढे ठेवली म्हणजे गाऱ्हाण्यास पुराव्याचे बळ येते. ज्या गावी ही वही नियमाने लिहिली जाईल, त्या गावास दिवसाच्या विजेचा आपला हक्क अधिक ठामपणे मागता येईल.