संतापाची पोचपावती घ्या

महाराष्ट्रातल्या तरुण मतदारांनो आणि उद्या मतदार होणाऱ्यांनो,

मे 2025 मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या 19 वर्षांच्या एका विद्यार्थिनीने ‘ऑपरेशन सिंदूर’ या लष्करी कारवाईवरून सरकारवर टीका करणारी, दुसऱ्याच कोणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकली. धमक्या येऊ लागताच दोन तासांत तिने ती काढली, माफीही मागितली. तरी तिला अटक झाली, येरवड्याच्या तुरुंगात जावं लागलं आणि महाविद्यालयाने तिचं म्हणणं ऐकून न घेताच परीक्षेच्या तोंडावर तिला काढून टाकलं. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, महाविद्यालयाच्या कारवाईला स्थगिती दिली आणि सरकारलाही खडे बोल सुनावले. ती सुटली. पण त्या दिवसांत राज्यभरातल्या किती मुलामुलींनी लिहिता लिहिता हात आखडता घेतला, हे कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही. एकाला उचललं की हजार जण आपणहून गप्प बसतात, त्यांच्यावर गुन्हा दाखल करायची वेळही येत नाही.

हे आवाहन त्या गप्प बसलेल्यांसाठी आहे. मोबाइलवर पेटलेला राग मोबाइलमध्येच राहिला, तर सरकारला त्याचा काहीच त्रास होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या एका आदेशाने पोस्ट दिसेनाशी होते, आणि 2009 च्या नियमांत तो आदेश गुप्त ठेवायचीही तरतूद आहे. हरकत, माहिती अधिकाराचा अर्ज, न्यायालयाला लिहिलेलं पत्र, ग्रामसभेच्या इतिवृत्तातला प्रश्न यांचं तसं होत नाही. त्यांना आवक क्रमांक मिळतो, तारीख मिळते, ते फाइलला लागतात. उद्या कोणी न्यायालयात गेलं तर सरकारला त्यांच्याबद्दल बोलावं लागतं. म्हणून पोस्ट जरूर टाका, पण तिथे थांबू नका. तिचा कागद करा आणि त्याची पोच घ्या.

याचा पुरावा आपल्याच मुंबईत आहे. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतल्या झाडांबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालू झाल्या. बातमी मोबाइलवरून पसरली, तरुण पोरं अंधारात आरेकडे धावली, 29 जणांना अटक झाली. थोडक्याच वेळात 2,141 झाडं पडली. सर्वोच्च न्यायालयाला तेव्हा दसऱ्याची सुट्टी होती. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, न्यायालयाने ते जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि 7 ऑक्टोबरला विशेष सुनावणी घेऊन तोड थांबवली. हजारो हॅशटॅगनी लोकांना जागं केलं हे खरंच. करवत मात्र त्या पत्रावरच्या आदेशाने थांबली. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा देशभरातल्या तरुण गटांनी तो क्लिष्ट मसुदा साध्या भाषेत समजावून सांगितला आणि हरकतींचे नमुने तयार करून दिले. त्यांतल्या काही गटांची संकेतस्थळं मध्येच बंद पडली. एका गटाला तर दिल्ली पोलिसांनी दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याची नोटीस धाडली, आणि ती चुकून गेली असं सांगत मागे घेतली. तोवर त्या मंत्रालयात लाखो ईमेल पोचले होते. तो मसुदा आजतागायत अंतिम झालेला नाही. त्यातल्या काही गोष्टी पुढे परिपत्रकांच्या मागच्या दाराने आल्या, हेही सांगायला हवं.

यावर कोणी म्हणेल, आरेत कारशेड झालंच ना? झालं. ‘मेट्रो-3’ ही मार्गिका ऑक्टोबर 2024 पासून तिथूनच धावते आहे. आणि सरकारला संघटना बेकायदा ठरवू देणाऱ्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, तरी जुलै 2025 मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालंच. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण तरुणांची उमेद खचते ती नेमकी इथे. पण निकालाच्या आतही पाहायला हवं. आरेत 84 झाडांची परवानगी मागून नंतर 177 झाडं हटवायला निघालेल्या मेट्रो महामंडळाला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 10 लाख रुपयांचा दंड केला. प्रकरण न्यायालयाच्या दप्तरात जिवंत होतं, म्हणून तो आकडा पकडता आला. जनसुरक्षा विधेयकाच्या उद्देशातून संयुक्त समितीने ‘व्यक्ती’ हा शब्द वगळला आणि कडव्या डाव्या ‘किंवा तत्सम’ संघटनांपुरता तो उद्देश मर्यादित केला. माझ्या मते हे फार अपुरं आहे, ‘तत्सम’मध्ये कोणालाही बसवता येतं. मात्र उद्या या कायद्याला आव्हान देताना त्या बारा हजार सूचना हाताशी असतील.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आधी अभ्यास करा, नसत्या भानगडीत पडू नका. त्यांची काळजी समजते. पण पालघरच्या दोन मुलींनी कुठल्या भानगडीत पडायचं ठरवलं होतं? नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी त्या दोघींना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे कलम घटनाबाह्य ठरलं. तरी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार याच मेलेल्या कलमाखाली अकरा राज्यांत 745 खटले चालू होते. न्यायालयात मिळवलेलं पोलीस ठाण्यापर्यंत पोचतं की नाही, यावर पाळत ठेवायला माणसं लागतात. अभ्यास करणारीच माणसं लागतात.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. याच मोबाइलने धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरवली आणि जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. तेव्हा सरकारने लगाम घालायलाच हवा, असं बऱ्याच सज्जन लोकांना वाटतं. खुनाला आणि चिथावणीला कायदा आधीपासून आहे, तो कठोरपणे लावावा. पण सरकारबद्दल खरं काय नि खोटं काय हे सरकारनेच ठरवायचं, ही वेगळी गोष्ट आहे. केंद्राच्या तथ्य तपासणी कक्षाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्यात हाच प्रश्न होता. अफवा रोखायची पहिली जबाबदारी मात्र आपली. आलेला संदेश पडताळल्याशिवाय पुढे ढकलणाऱ्याने लोकशाहीच्या गोष्टी करू नयेत.

आणि निवडणुका होतातच की, असं म्हणणाऱ्यांनी मुंबई महापालिकेकडे पाहावं. मार्च 2022 मध्ये तिची मुदत संपली, मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. 2025-26 चा 74 हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय ठरला. या काळात 18 वर्षांच्या झालेल्या मुलाने आपल्या वॉर्डातल्या गटाराबद्दल जाब विचारायचा कोणाला? एवढा मोठा अन्याय पोस्टींमध्ये फारसा दिसला नाही, याची मला खंत आहे.

तेव्हा विनंती अशी. अटक झालेल्या विद्यार्थ्याला एकटं पाडू नका; प्राचार्यांनी आणि पालकांनी तर मुळीच नाही. सरकारी मसुदा हरकतींसाठी खुला झाला की मुदत संपायच्या आत मराठीतून हरकत पाठवा आणि पोच जपून ठेवा. राज्याच्या माहिती अधिकाराच्या संकेतस्थळावर 10 रुपयांचं शुल्क भरून अर्ज करता येतो. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. गावात असाल तर वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, तिथे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. मतदार यादीत नाव आहे का, ते आजच पाहा. 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी देशातल्या 18-19 वर्षांच्या मुलामुलींपैकी जेमतेम 38 टक्के यादीत होते. नाव नसेल तर नमुना 6 भरा. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, आणि वयाची 17 वर्षं पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो.