किलोमीटरच का मोजायचे?

१४ एप्रिल. महाराष्ट्रात हा दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीचा. प्लांकच्या स्थिरांकातले ४.१४ हे आकडे धरून जगभरचे वैज्ञानिक याच दिवशी ‘जागतिक क्वांटम दिन’ही साजरा करतात. या विषयाचे भारताशी नाते जुने आहे. प्रकाशकणांतून (फोटॉनमधून) सांकेतिक संदेशांची गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी डिसेंबर १९८४ मध्ये मांडली, ती बंगळुरूच्या परिषदेत. तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही, हे वेगळे सांगायला नको!

तत्त्व असे की, वाटेत कुणी फोटॉन मोजू पाहिला तर त्याची अवस्था बिघडते आणि चोरी चुकांच्या रूपाने उघडी पडते. मूळ पद्धतीत एका फोटॉनवर एकच बिट बसतो. मात्र प्रकाशाला पीळ देता येतो. ध्रुवीकरणाला या पिळाची जोड दिली की दोनाऐवजी चार अवस्था वापरता येतात आणि बिट दोन होतात. खरा लाभ पुढेच आहे. प्रत्येक फोटॉन अडवून, मोजून नवा पाठवणारा चोर जुन्या पद्धतीत २५ टक्के चुका करून बसतो. चार अवस्थांत ३७.५ टक्के. शिवाय एरवीच्या चुका सोसण्याची मर्यादा ११ वरून सुमारे १९ टक्क्यांवर जाते. कॅनडात ओटावा विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये ३०० मीटर अंतरावरच्या दोन गच्च्यांमध्ये हे करून पाहिले. हवेच्या खळबळीत चुका दोन अवस्थांच्या ५ वरून चार अवस्थांत ११ टक्क्यांवर गेल्या, तरी चाळून उरलेल्या दर फोटॉनमागे किल्ली ०.४३ ऐवजी ०.६५ बिट मिळाली.

आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्यातले ठळक उद्दिष्ट २,००० किलोमीटरपर्यंतच्या सुरक्षित क्वांटम संवादाचे. अंतर हवेच, पण पीळ दिलेला प्रकाश साध्या फायबरमधून नीट जात नाही, त्यावरचे काम चिकाटीचे आहे आणि ते किलोमीटरच्या हिशेबात दिसत नाही.

आणि गणित निर्दोष म्हणून यंत्र निर्दोष ठरत नाही. बाजारातल्या उपकरणांचे शोधक प्रखर प्रकाशाने आंधळे करून, माग न ठेवता किल्ली पळवता येते, हे २०१० मध्येच संशोधकांनी दाखवले. तेव्हा सरकारने उपकरणे खरेदी करण्याआधी ती फोडून पाहण्याचे काम बाहेरच्या तज्ज्ञांना द्यावे, त्यासाठी वेगळा निधी ठेवावा आणि निकाल जाहीर करावेत.