सामू ७.४ : शेरा ‘योग्य’

महिनाभरात शिणाणे उत्पादकांच्या तीन पत्रांना पाणी तपासणीचे अहवाल जोडून आले. तक्रार एकच: दोरीवरचे बी गळते आहे, उरलेल्यांचे धागे बोट लावताच सुटतात. अहवालात मात्र सामू ७.४, शेरा ‘योग्य’.

योग्य नसेल तर काय! पर्यावरण संरक्षण नियमांत शिंपल्यांच्या पाण्याला, म्हणजे एसडब्ल्यू-१ वर्गाला, सामूची मर्यादाच ६.५ ते ८.५ आहे. या दोन टोकांच्या आम्लतेत शंभरपट अंतर पडते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. औद्योगिक क्रांतीपासून जगाच्या समुद्रपृष्ठाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला, तेवढ्याने शास्त्रज्ञ धास्तावले. इथे एक अख्खा अंक घसरला तरी कागद हिरवाच.

शांघाय सागर विद्यापीठात जाड कवचाची शिणाणी १४ दिवस सामू ७.३ च्या पाण्यात नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडसह ठेवली. रक्तपेशींची जंतू गिळण्याची ताकद घटली. साध्या पाण्यात आठवडा काढूनही पुरती सावरली नाही. कणांची मात्रा आपल्या खाडीत सापडेल त्याहून फार मोठी होती, हे मान्य. पण ज्या सामूवर तिथे जनावर खचले, तो आपल्या तक्त्यात सहज पास होतो. नॅनोकणांना तर रकानाच नाही. जस्त ऑक्साइडचे कण आम्ल पाण्यात जास्त विरघळतात; शिणाण्यांच्या शुद्धीकरण टाकीत जंतू निघतात, अंगात गेलेले धातू त्या एक-दोन दिवसांत निघत नाहीत.

बी सामूमुळेच गळते, असे आम्ही म्हणत नाही. ते ठरवायला नोंदी लागतात, आणि भर दुपारी भरलेली एक बाटली म्हणजे नोंद नव्हे. दुपारी सामू चढलेलाच असतो. हे तपासनिसांना कोणी सांगायचे?

आपलेही काही सभासद कमी नाहीत. तराफ्याच्या उशाला होड्या खरवडायच्या, रंगाची खरवड ओहोटीवर सोडायची आणि मग सरकारच्या नावाने खडे फोडायचे! हे आधी बंद करा.

चार-पाच तराफेवाल्यांनी मिळून एक सामू मीटर घ्या, ७ आणि १० च्या बफरवर लावून घ्या. पट्ट्या फेकून द्या. आठवड्यातून दोनदा, उजाडण्यापूर्वी, ओहोटीला सामू, क्षारता आणि अल्कलिनिटी वहीत उतरवा. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वहीची प्रत आमच्याकडे पाठवा. मर्यादा बदलण्याच्या अर्जाला ती जोडायची आहे.