चिलर लिटरवर नव्हे, वॉटवर घ्या

एप्रिल-मे उजाडला की मला हमखास असा फोन येतो. "भाई, तीनशे लिटरची समुद्री टाकी आहे, प्रवाळ ठेवलेत. कुठला चिलर घेऊ?" मी उलट विचारतो, "पंप किती वॉटचे? दिवा किती वॉटचा? दुपारी खोलीत तापमान किती असतं?" समोरचा गप्प होतो. त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. दुकानदार ते देतो आणि तिथेच घोटाळा होतो. माझं स्पष्ट मत आहे की, नुसत्या लिटरवरून चिलर ठरवणं ही या छंदातली सगळ्यांत महागडी चूक आहे. मी स्वतः ती केली आहे.

माझी टाकी मुंबईतली, तीन फूट लांबीची, खालच्या टाकीसकट ३०० लिटर पाण्याची. "तीनशे लिटर ना? मग हा छोटा बस होईल," असं म्हणत दुकानदाराने चिलर दिला. जागा वाचावी म्हणून मी तो टाकीखालच्या कपाटात ठेवला आणि वर दार लावून टाकलं. मे महिन्यात तो चोवीस तास घरघरत होता, तरी पाणी ३० अंशांच्या खाली येईना. चिलर पाण्यातली उष्णता मागच्या जाळीतून हवेत फेकतो. बंद कपाटात तीच गरम हवा तो पुन्हा ओढत होता. आठवड्याभरात झोअँथिड मिटून गेले, चामडी प्रवाळ मलूल झालं आणि एक मश्रूम प्रवाळ विरघळून गेलं. अम्मी रोज टाकीसमोर बसून चहा घ्यायची. तिने विचारलं, "हे झोपलेत का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मी वही-पेन घेऊन बसलो. हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे ३०० लिटरला जवळपास ३५० वॉट-तास. आता पाण्यात उष्णता येते कुठून ते पाहू. माझा मुख्य पंप ४० वॉटचा, लाटा करणारा २० चा, स्किमरचा १५ चा; एकूण ७५ वॉट. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. दिवा १२० वॉटचा. त्याची सगळी उष्णता पाण्यात जात नाही, पण हिशेबात पूर्ण धरलेली बरी. उरली खोली. हवा ३४ अंश आणि पाणी २६ अंश असेल, तर काचेतून आणि पृष्ठभागावरून माझ्या टाकीत अंदाजे १०० वॉट शिरतात. बेरीज झाली सुमारे ३०० वॉट. चिलर नसता तर २६ अंशांचं पाणी भर दुपारी तासाला जवळपास पाऊण-एक अंशाने चढू लागलं असतं.

आता चिलरकडे वळू. पेटीवर 'एक दशांश एचपी', 'पाव एचपी' असं लिहिलेलं असतं. तो कॉम्प्रेसरचा आकडा आहे, थंडाव्याचा नाही. विचारायचं ते हे : हा चिलर किती वॉट किंवा ताशी किती बीटीयू उष्णता काढतो, आणि तो आकडा किती तापमानाच्या खोलीतला आहे? एक वॉट म्हणजे ताशी ३.४ बीटीयू. गार खोलीत मोजलेली क्षमता आपल्या उन्हाळ्यात घटते. म्हणून ३०० वॉटचा भार असेल तर ५०० ते ६०० वॉट उष्णता काढणारा चिलर घ्यावा, म्हणजे सर्वांत वाईट दुपारीही तो मधूनमधून विश्रांती घेईल.

मग 'मोठ्यात मोठा घेऊन टाकू' का? नाही. ६०० वॉटचा चिलर माझं पाणी एक अंशाने उतरवायला तासाभराहून थोडा जास्त वेळ घेतो. २००० वॉटचा तेच काम बारा मिनिटांत करून बंद पडेल आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होईल. सतत चालू-बंद होण्याने कॉम्प्रेसर झिजतो. थोडा मोठा चालेल, अवाढव्य नको.

पंख्याचं काय, असंही विचारतात. संभाजीनगर किंवा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी छान उतरतं. कमी झालेलं पाणी मात्र रोज गोडं शुद्ध पाणी घालून भरून काढावं लागतं. मुंबई-रत्नागिरीत मे अखेरीस हवेत इतका दमटपणा असतो की २६ अंशांच्या पाण्याचं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. जिथे कूलर चालत नाही, तिथे हा पंखाही चालत नाही.

चिलर मोठा करण्याआधी उष्णता छोटी करा. मी पंप बदलून ७५ वॉटचे ४५ वर आणले, दिवा दुपारऐवजी संध्याकाळी लावू लागलो आणि चिलर कपाटाबाहेर काढला. जुना चिलर १२० वॉट खात चोवीस तास चालायचा, म्हणजे महिन्याला ८६ युनिट. नवा २०० वॉट खातो, पण दहा-अकरा तासच चालतो, युनिट साठ-पासष्ट. मोठ्या यंत्राचं बिल कमी आलं! वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी लाटांचा पंप ठेवा, चिलर नव्हे. दिवा-पंप बंद झाल्यावर पाणी हळूहळू तापतं, प्राणवायू मात्र लवकर संपतो.

हे सगळं एवढं ताणून का सांगतो? प्रवाळ हे शोभेचं फूल नाही, तो प्राणी आहे. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न पुरवतात. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एखाद अंशाने जरी काही आठवडे जास्त राहिलं, तरी ही शैवाले बाहेर पडू लागतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये भोगलं. समुद्राला चिलर लावता येत नाही. आपल्या देशात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. माझ्याकडे ते नाहीत आणि तुम्हीही कुणाकडून घेऊ नका. पण मऊ प्रवाळांचा जीवही जीवच असतो.

म्हणून फोन करणाऱ्याला मी शेवटी एकच सांगतो. आधी बेरीज करा. त्या बेरजेला पुरेल असा चिलर परवडत नसेल, तर प्रवाळ घेऊ नका. गोड्या पाण्यात गप्पी पाळा, त्यातही आनंद आहे. आपल्या हौसेचा ताप पाण्यातल्या मुक्या जिवाने का सोसावा?