शिशानंतर काय? क्ले नेमबाजीतील 24 ग्रॅमच्या नियमापुढचा प्रश्न

नवी दिल्ली : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 5 ऑगस्ट 2024 रोजी स्कीट प्रकाराच्या मिश्र सांघिक स्पर्धेत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे कांस्यपदक अवघ्या एका तबकडीने हुकले. चीनच्या जोडीने 48 पैकी 44 तबकड्या फोडल्या, भारतीय जोडीने 43. इतक्या निसटत्या फरकाने पदके ठरणाऱ्या या खेळात काडतुसात किती ग्रॅम छर्रे भरावेत, ते किती जाडीचे असावेत आणि कोणत्या धातूचे असावेत, हे नियमपुस्तकातील तपशील वरवर पाहता रुक्ष वाटतात. परंतु युरोपात शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंधांची जी पावले पडत आहेत, त्यांमुळे याच तपशिलांची फेरमांडणी करण्याची वेळ जवळ येत आहे आणि तिची झळ भारतीय नेमबाजांनाही लागणार आहे.

मराठी वाचकाला नेमबाजी आठवते ती अंजली भागवत यांच्यापासून स्वप्नील कुसाळे यांच्यापर्यंतच्या रायफलपटूंमुळे. शॉटगनचे विश्व त्याहून वेगळे आहे. येथे लक्ष्य स्थिर नसते. 110 मिलिमीटर व्यासाची, सुमारे 105 ग्रॅम वजनाची तबकडी यंत्रातून हवेत फेकली जाते आणि एका गोळीऐवजी शेकडो छर्ऱ्यांचा झोत तिच्यावर सोडला जातो. आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणून परिचित असलेली बंदूक हेच येथील शस्त्र. एक पौंड शिशाचे समान वजनाचे बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती नळी 12 बोअरची. म्हणूनच आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. 12 बोअरचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर, तर 20 बोअरचा सुमारे 15.6 मिलिमीटर असतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार 12 बोअरहून मोठी बंदूक चालत नाही. काडतुसाची लांबी 70 मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, छर्रे गोलाकार असावेत, त्यांचा व्यास 2.6 मिलिमीटरच्या आत असावा आणि सर्व छर्ऱ्यांचे एकत्रित वजन 24.5 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. यातील अर्धा ग्रॅम ही सहनमर्यादा असल्याने व्यवहारात ‘24 ग्रॅमचा नियम’ असेच म्हटले जाते. छर्रे अधिक पसरावेत म्हणून काडतुसाच्या आत केलेली कोणतीही करामत निषिद्ध आहे.

हा आकडा पूर्वीपासूनचा नाही. एकेकाळी 32 ग्रॅमची काडतुसे वापरली जात. पुढे ती मर्यादा 28 आणि नंतर 24 ग्रॅमवर आणण्यात आली. छर्रे कमी म्हणजे झोत विरळ, म्हणजे नेम अधिक अचूक हवा, हा त्यामागील एक तर्क. खर्च, खांद्याला बसणारा धक्का आणि मैदानात साचणारे शिसे ही इतर कारणे. 2.4 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा एक छर्रा साधारण 0.08 ग्रॅमचा धरला, तर 32 ग्रॅममध्ये सुमारे 400 छर्रे होतात आणि 24 ग्रॅममध्ये सुमारे 300. झोतातील चौथा हिस्सा कमी झाला, तरी अपेक्षेप्रमाणे गुण मात्र घसरले नाहीत. भार हलका झाल्याने काडतुसांना अधिक वेग देणे शक्य झाले, नेमबाजांनी तंत्र बदलले आणि 24 ग्रॅमच्या काळातही प्राथमिक फेरीत 125 पैकी 125 तबकड्या फोडल्या गेल्या. ट्रॅपच्या अंतिम फेरीत एका तबकडीवर एकच बार, हा निर्बंध त्यानंतरचा. काडतूस हलके करून जे साधले नाही, ते स्पर्धेची रचना बदलून साधावे लागले.

अमेरिकेतील देशांतर्गत स्पर्धांनी निराळी वाट निवडली. तेथील स्कीटमध्ये 12, 20, 28 आणि 0.410 इंच अशा चार वेगवेगळ्या नळ्यांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. ट्रॅपमध्ये सुमारे 32 ग्रॅमचे काडतूस आजही चालते आणि कुशल नेमबाजाला अधिक मागे उभे करून समतोल साधला जातो. ब्रिटनमधील देशी प्रकारांत 28 ग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे 24 हा कोणताही निसर्गनियम नव्हे. तो एका विशिष्ट काळात, शिशाचे छर्रे गृहीत धरून केलेला करार आहे. आता हलते आहे ते नेमके हेच गृहीतक.

पाणथळ जागी पक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात. या कारणास्तव डेन्मार्कने 1996 मध्येच शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली. युरोपीय संघात पाणथळ क्षेत्रांतील बंदी 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. युरोपीय रसायन संस्थेने 2021 मध्ये त्याहून व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला, तर ब्रिटनने जुलै 2025 मध्ये 1 टक्क्याहून अधिक शिसे असलेल्या छर्ऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर करून तीन वर्षांची मुदत दिली. ऑलिम्पिकच्या तयारीतील मोजक्या खेळाडूंना अशा बंदीतून वगळावे, असा मार्ग सुचवला जातो. तो सोयीचा असला तरी टिकाऊ वाटत नाही. नवोदितांनी पोलादी छर्ऱ्यांवर शिकायचे आणि संघात निवड झाल्यावर शिशाकडे वळायचे, असे झाले तर त्यांना झोताचा अंदाज नव्याने बसवावा लागेल.

पोलादाची अडचण साध्या गणितात दिसते. शिशाची घनता पाण्याच्या अकरापटीहून थोडी अधिक, तर पोलादाची आठपटीहूनही कमी. नियमाने परवानगी दिलेला सर्वांत मोठा, म्हणजे 2.6 मिलिमीटरचा छर्रा पोलादाचा केला, तर त्याचे वजन सुमारे 0.072 ग्रॅम भरते. शिशाच्या नेहमीच्या 2.4 मिलिमीटर छर्ऱ्यापेक्षाही ते कमीच. आकाराने मोठा आणि वजनाने हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो. स्कीटमध्ये अंतर कमी असल्याने हा फरक फारसा जाणवणार नाही. ट्रॅपमध्ये मात्र तबकडी नेमबाजापासून वेगाने दूर जात असते आणि दुसरा बार सुटेपर्यंत ती आणखी लांब गेलेली असते. शिवाय तेवढ्याच वजनाचे पोलाद काडतुसात सुमारे 40 टक्के अधिक जागा व्यापते. ते कठीण असल्याने नळीच्या संरक्षणासाठी जाड प्लास्टिकचे वेष्टन लागते, जुन्या व अधिक आवळलेल्या मुखाच्या नळ्यांना त्याचा धोका संभवतो आणि कठीण पृष्ठभागावरून छर्रे उसळण्याची भीतीही वाढते.

तेव्हा धातू बदलून बाकीचे नियम जसेच्या तसे ठेवता येणार नाहीत. व्यासाची मर्यादा वाढवावी लागेल, वजनाची सैल करावी लागेल किंवा तबकडीचे अंतर घटवावे लागेल. यांपैकी काय निवडले जाते, यावर कोणत्या देशाला लाभ होतो हे ठरेल. बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या इटलीसारख्या देशांतील खेळाडूंना प्रयोगशाळा आणि कारखाना शेजारीच उपलब्ध आहे. भारताला ती सोय नाही.

आंतरराष्ट्रीय स्तरावरील भारतीय शॉटगनपटू बहुतांशी आयात काडतुसांवर विसंबून असतात. त्याचे प्रमाण समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. दिवसाला 100 बार आणि वर्षाला 250 दिवसांचा सराव धरला, तर एका खेळाडूला 25,000 काडतुसे लागतात आणि त्यांतून 600 किलो शिसे मैदानात पडते. शस्त्र कायद्याखालील 2020 च्या अधिसूचनेने खेळाडूंच्या दारूगोळ्याची मर्यादा वाढवली, हे पाऊल योग्यच होते. पण युरोपीय उत्पादकांनी बाजारपेठेच्या दबावाखाली पोलादाकडे मोहरा वळवला, तर शिशाची स्पर्धा-काडतुसे महाग आणि दुर्मीळ होण्याची शक्यता आहे. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात 12 बोअरची काडतुसे तयार होतात आणि 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. स्पर्धेच्या दर्जाचे, दर बारास सारखाच वेग देणारे हलके काडतूस ही निराळी मागणी असली, तरी तिचा विचार सुरू करण्यास धातूबदलाइतके सबळ निमित्त पुन्हा मिळणे कठीण.

राज्यवर्धनसिंग राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकले. भारताच्या हाती असलेले शॉटगनमधील ते आजवरचे एकमेव ऑलिम्पिक पदक आहे आणि तो प्रकारच 2016 नंतर ऑलिम्पिकमधून वगळला गेला. त्या निर्णयानंतर भारतीय खेळाडूंना केवळ जुळवून घ्यावे लागले. या वेळी वेळ हाताशी आहे. तुघलकाबादच्या कर्णी सिंग संकुलात पोलादी काडतुसांच्या चाचण्या घेऊन ट्रॅपमध्ये नेमका किती फरक पडतो याची नोंद ठेवली, तर व्यास 2.6 वरून किती वाढवावा, या चर्चेत भारतीय रायफल संघटनेला स्वतःचे आकडे घेऊन बसता येईल.