दुप्पट दिले म्हणून दुप्पट मिळत नाही

एका गोळीने ताप उतरतो, तर दोन घेतल्यावर लवकर उतरेल. एका पाळीने ऊस तरारतो, तर दोन दिल्यावर जास्त पोसेल. शाळेत पक्के बसलेले त्रैराशिक दुकानात वाणसामान मोजताना कामी येते. शरीर, जमीन आणि बाजारभाव मात्र ते पाळत नाहीत. तेथे बराच काळ काहीच बदललेले दिसत नाही आणि मग थोड्याशा फरकाने चित्र पालटते. विज्ञानात यांना अरेषीय परिणाम म्हणतात.

फलटणमध्ये याचे चांगले उदाहरण आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ जातीच्या मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले. दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच कोकरू होते. ‘फेक-बी’ नावाच्या या जनुकाची एक प्रत मिळाली की जुळ्यांचे प्रमाण वाढते. दोन प्रती मिळाल्या तर बीजांडे आणखी सुटतात, पण कोकरे त्या प्रमाणात वाढत नाहीत. गर्भाशयातली जागा आणि आईच्या अंगातला कस मर्यादितच असतो. तिळी झालीच तर कोकरे अशक्त निपजतात, दूध पुरत नाही आणि दगावण्याचा धोका वाढतो. मेंढपाळाला लाभ होतो तो जगलेल्या कोकरांचा. म्हणून जनुकाइतकाच चारा आणि निगाही महत्त्वाची.

येथे फायदा घटताना निदान दिसतो तरी. नुकसान मात्र अनेकदा दडून राहते. रक्तातील क्रिएटिनिन हे मूत्रपिंडाच्या कामाच्या साधारण व्यस्त प्रमाणात असते. एखाद्याचे क्रिएटिनिन ०.६ वरून १.२ झाले, तरी अहवालात ते बहुधा ‘सामान्य’ म्हणूनच छापून येते. प्रत्यक्षात मूत्रपिंडाचे निम्मे काम गेलेले असू शकते. पुढे ते ४ वरून ८ झाले की घरचे घाबरून धावपळ करतात. त्या टप्प्यात गेलेले काम मात्र मूळच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. मोठी हानी आधीच, आकडा शांत असताना होऊन गेलेली असते.

शेतातही असेच घडते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर फलटण तालुक्यात ऊस फोफावला. पाटपाण्याखालच्या काळ्या भारी जमिनीत पाणी सतत जास्त दिले आणि निचरा नसला, तर जमिनीखालची पाण्याची पातळी वर्षावर्षाने चढत जाते. ती खोल असेपर्यंत पिकाला काही जाणवत नाही. साधारण दीड-दोन मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. दोन-चार हंगामांत रान पांढरे पडू लागते. सांगली जिल्ह्यातल्या मिरज आणि वाळवा तालुक्यांतील क्षारपड जमिनी याची साक्ष देतात. ती दुरुस्त करायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकावे लागतात. तो खर्च वेळीच पाणी आवरण्याच्या कितीतरी पट असतो.

बाजार याहून उतावळा. लोणंदच्या बाजारात कांद्याची आवक थोडी वाढली तरी भाव कोसळतो, थोडी घटली तरी कडाडतो. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महागला म्हणून भाजीतून पुरता हद्दपारही करत नाही. त्यामुळे आवकेतला लहानसा फरक भावात मोठा होऊन उमटतो.

या सगळ्यातून एकच धोरण निघते. आकडा शांत असतानाच मोजमाप करावे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले. ते हवेच, पण ती आजाराची शेवटची पायरी आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याची वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी फार महाग नाही. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सक्तीने व्हावी. नुसता ‘सामान्य’ हा शब्द वाचून अहवाल मिटू नये. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. अंगदुखीवर रोज गोळ्या घेणाऱ्या ऊसतोड मजुराच्या हातात तर असा अहवाल सहसा पडतच नाही. त्याच्यापर्यंत तपासणीच गेली पाहिजे.

बागायती गावांत विहिरींची पातळी नोंदवणे हे याच जातीचे काम आहे. ‘अजून काही त्रास नाही’ हे तपासणी टाळायचे कारण होऊ शकत नाही. थोड्या खर्चात बरेच काही वाचवता येते, ते त्रास नसतानाच.